धाकटीचं चित्र

३ फेब्रुवारी

आज सकाळी इथे पोहोचले. घर छान आहे, माणसं त्याहून छान. धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय आणि आईवडिलांना तिला भेट म्हणून तिचंच रंगवलेलं चित्र द्यायचंय. भोवती वेली, पाखरं, सोनेरी कड, सगळं हौसेनं. काम संपेपर्यंत माझा मुक्काम इथेच, वरच्या खोलीत. उजेड असा की नाव ठेवायला जागा नाही. वडील सुतार आहेत. चौकट ते स्वतः करणार, त्यामुळे खाली दिवसभर रंधा चालू असतो. धाकटी मला मावशी म्हणते आणि घडीभर स्वस्थ बसत नाही. मी दटावलं तर म्हणाली, मग हलतानाच काढा, नवऱ्यालाही कळू दे काय पदरात पडतंय ते.

७ फेब्रुवारी

चेहरा मनासारखा जमला. आई बघायला आल्या, हळूच म्हणाल्या, हनुवटीवर एक तीळ द्या. धाकटीला तीळ नाही. मी तसं म्हटल्यावर त्या डोळे पुसत खाली गेल्या. नंतर वडिलांनी मला जिन्यात गाठलं. थोरली मुलगी मागच्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेली, तिला होता, म्हणाले.

“एवढं करा. एक ठिपका तर द्यायचाय.”

मी दिला.

८ फेब्रुवारी

धाकटी समोर येऊन बसली तर तिच्या हनुवटीवर तीळ. रंग लागला असेल म्हणून मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले. निघाला नाही. ती म्हणाली, असं काय करता मावशी, जन्मापासून आहे की तो.

१२ फेब्रुवारी

आई आता रोज वर येतात. चेहरा थोडा लांबट करा, भुवया दाट करा, ओठ मिटलेले बरे. नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. चित्राकडे बघताना त्या जेवल्यासारख्या तृप्त दिसतात. मी मात्र धाकटीकडे बघायचं टाळते. हल्ली ती दगडासारखी स्थिर बसते. आज कप डाव्या हातात धरला होता. थोरली डावखुरी होती, असं आईंनीच कौतुकानं सांगितलं.

१६ फेब्रुवारी

नवरा मुलगा आला होता. दारात धाकटीच होती. त्यानं तिला अगदी अदबीनं विचारलं, धाकटी घरात आहे का? तिनं वर माझ्या खोलीकडे बोट दाखवलं. तो वर आला, चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तसाच जिना उतरून निघून गेला. ती गच्चीवरून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. हा कोण, असं तिनं मला विचारलं.

१८ फेब्रुवारी

धाकटी खोकायला लागली. कोरडा, लांबलचक खोकला. खाली रंधा थांबला. वडील फळीवर हात ठेवून नुसते बसलेत—तो खोकला त्यांच्या ओळखीचा आहे.

आई धावत वर आल्या, माझं मनगट घट्ट धरलं.

“पुसा ते. माझी धाकटी मला परत द्या. पुन्हा नाही सोसायचं मला.”

मी विचारलं, ती दिसायची कशी? त्यांनी तोंड उघडलं. चेहरा गोल होता की लांब, तेही आठवेना. वडिलांनाही सांगता येईना. जुने फोटो काढून बघितले तर सगळ्यांत थोरलीच. आणि मी तर इतके दिवस तिच्यासमोर बसून—मलाही नाही.

१९ फेब्रुवारी, सकाळ

खोकल्यात रक्त. आता थांबून चालणार नाही. टर्पेंटाइन घेतलं, चेहरा पुसून काढला. वेली आहेत, पाखरं आहेत, मधे कोरं कापड.

खोकला थांबला.

खाली आई आनंदानं रडतायत वाटतं—

नाही. आनंदानं नाही.

दुपार

ती वर आलीये. भिंत चाचपत आली. पाठ माझ्याकडे करून स्टुलावर बसलीये. आवाज धाकटीचा, नक्की तिचाच, तेवढा तरी परत आला. म्हणते,

“मावशी, आता मला माझ्यासारखं काढा.”

ब्रश हातात आहे.

वळू नकोस म्हटलं. वळतेय.

अगं पोरी, मी सुरुवात कुठून करू, तुझं तर—