सर्वानुमते

३ फेब्रु.
नगरपंचायतीच्या सभेची नोटीस आली. नव्या हायवेच्या चौफुल्याजवळची जमीन व्यापारी झोनमध्ये घालायची की औद्योगिक, हा एकच विषय. सोबत नकाशा. लाल रेषेच्या आत गायरान, तलाव, आमच्या वस्तीची जागासुद्धा. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखला. "आपली घरं कुठंयत गं?"
नकाशात नव्हतीच.

५ फेब्रु.
नगराध्यक्षांकडं जाऊन आले. अण्णा चहा पाजतात, गोड बोलतात. "वहिनी, नकाशात घरं न्हाई, झोन दाखवत्यात. अन् गायरान सरकारचं हाय, तुमचं कुठंय?"
मामांच्या वडलांपासून आमची मेंढरं तिथं बसतात. हे बोलायचं राहूनच गेलं. घरी आल्यावर सुचतं सगळं.

९ फेब्रु.
मामांना घेऊन बीडला, नगररचनेच्या ऑफिसात. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, हे खरं. हरकतींची मुदत दिवाळीआधीच संपली म्हणे. नोटीस लावली होती. कुठं? तर आमच्याच नगरपंचायतीच्या फळ्यावर. मी तिथली सदस्य. किती वेळा गेले असेन त्या फळ्यासमोरून.
कागदावर तलावापुढं 'पडीक' लिहिलंय. मामा म्हणाले, "सायेब, आत्ता बी कमरंएवढं पाणी हाय त्यात." साहेब हसले.


१४ फेब्रु.
सभा. अण्णांच्या लोकांना हॉटेलं नि गाळे पाहिजेत, समोरच्यांना कारखाने नि गोदामं. आसपासच्या जमिनी दोघांनीही आधीच घेऊन ठेवल्यात, सगळ्यांना माहितीय. दोन तास भांडले. आठ हात इकडं, आठ तिकडं. मग सगळे माझ्याकडं वळले. निवडून आल्यापासून पहिल्यांदाच.
म्हटलं, "दोन्ही नको. तलाव ठेवा, गायरान ठेवा."
कुणीतरी म्हणालं, "लई झालं बाई. दोन्हीतलं एक सांगा."
कारखान्याचं पाणी तलावात उतरणार. हॉटेलांचं निदान... काय निदान? व्यापारी झोनला हात वर केला. कुणाच्याच बाजूनं हात करायचा नाही, हेही चाललं असतं. पण बरोबरी झाली की अध्यक्ष म्हणून अण्णांचंच जादा मत धरतात. म्हणजे माझ्या हातानं झालं काय? काहीच नाही. फक्त तो वर गेला.

१५ फेब्रु.
मामांना बाजारात कुणीतरी सांगितलं. "तू बी हात वर केलास?" एवढंच विचारलं. मी धूर, घाण पाणी, सगळं समजावत राहिले. ते उठून मेंढरांकडं गेले.
ओरडले असते तर बरं झालं असतं.

२१ फेब्रु.
सभेचं इतिवृत्त वाचलं. 'सर्वानुमते मंजूर.' आठ जणांचा विरोध कुठं गेला? ते आठही सह्या करून मोकळे. आपसात जमलं असणार. माझं बोलणं एका ओळीतही नाही. लेखनिक म्हणाला, "ताई, तुमी तर बाजूनंच होता की. करा सही." केली नाही.
बीडला अर्ज लिहिला, मी विरोध केला होता म्हणून. माझंच मला वाचवेना. तरी पाठवला.

२६ फेब्रु.
लेखनिकाचे आज दोन फोन. उचलले नाहीत.
मामा मेंढरं घेऊन चारणीला दिंद्रुडकडं निघाले. दरवर्षी शिमगा झाल्यावर जातात, यंदा आधीच. भाकरी बांधून दिल्या. इतक्या दिवसांनी माझ्याशी नीट बोलले.
"पावसाळ्यात माघारी आल्यावर उतरायचं कुठं, तेवढं इचारून ठेव."
ठेवते म्हटलं.
कुणाला विचारू?