चाकांवरचे खड्डे

प्रणाली,

गॅरेजवर जातोय, रंगवायला आणलेली चारही अलॉय चाकं परत द्यायला. बाबांजवळ शेजारच्या रखमाकाकू बसल्यात. तू आलीस की त्यांना सोड.

रंगात खड्डे का पडतात ते कळलं. तुझ्या तळणाच्या धुराचा काही संबंध नाही. उगाच तुझ्यावर डाफरलो, सॉरी. कंप्रेसरच्या हवेत पाणी नव्हतं, थिनरही चांगलाच होता. काल प्रायमरवर रंग मारायच्या आधी पांढरं फडकं फिरवून बघितलं, तर फडकं तेलकट! वास घेतला. खोबरेल. तेलावर रंग कसला धरतोय?

म्हणून आज दुपारी झोपेचं सोंग घेतलं. मी आडवा झालो तसे बाबा उठले, पॅसेजमध्ये गेले आणि प्रायमर मारून ठेवलेल्या चाकांना बोटाने तेल घालायला लागले. अगदी मन लावून, मिलमध्ये कापड विणायच्या साच्याला घालायचे तसं.

बाटली मी माळ्यावर टाकलीय. त्यांनी मागितली तरी काढू नकोस. पण ओरडू नकोस गं त्यांना. ते ड्युटीवर आहेत.

यापुढे घरी चाकं पाठवू नका, असं शेठला सांगून येतो. दुसरं काय करायचं ते मला सुचत नाही. बाबांना एकटं ठेवायचं नाही, एवढंच कळतंय.

मी त्यांचा हात धरला तेव्हा माझ्याकडे बघत म्हणाले, "कामाक नवीन लागलंस? खंयचो रे तू?"

मी आपल्या गावाचं नाव सांगितलं.

एकदम खूश झाले. "मगे आमच्यातलोच मा तू!" म्हणाले, आणि तेलाची बाटली माझ्या हातात दिली.

हितेंद्र