फटफटीचा चिमटा आणि गोकर्णाचा समुद्र

बाळीवेस, सोलापूर
शनिवार, १४ फेब्रुवारी १९७६

तीर्थस्वरूप ईरप्पाअण्णा यांना मैंदर्गी मुक्कामी चन्नवीरचा दोन्ही हात जोडून शरणु शरणार्थी. (हात रॉकेलनं तीनदा धुतलेत, तरी कागदाच्या कडेला काळी बोटं उठतीलच. तेवढं चालवून घ्यावं.)

तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? मागं एरंडेल गरम करून चोळायला सांगितलं होतं, ते चोळता की बाटली कोनाड्यातच आहे? कमलम्मावहिनींचा खोकला थांबला असेल, न थांबला तर ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरायला सांगा. म्हैस व्याली का? रेडा झाला की रेडी, तेही कळवा. आम्ही उभयतां खुशाल आहोत, आणि खुशाल म्हणजे किती खुशाल ते सांगायलाच हे पत्र. महिनाभर चार ओळी टाकल्या नाहीत म्हणून रागावू नका. माणसाच्या हातात पाना असला की टाक धरवत नाही.

अण्णा, चिमटा बसला! काल दुपारी बसला, आणि असा बसला की नव्या नवरीनं बोहल्यावर बसावं. मला रात्री झोप नाही. पहाटे उठून दोनदा कंदील धरून बघून आलो, आहे की नाही जागेवर.

तर पहिल्यापासून सांगतो. रिटायर झाल्यावर मी ती मोठी फटफटी घेतली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लांब पल्ल्याची गाडी, पोटाशी एवढी मोठी टाकी, दोन्ही अंगांना चामडी पिशव्या, पुढं वाऱ्याला अडवायची काच. गिरणीत पस्तीस वर्षं मागांच्या खडखडाटात जॉबरकी, म्हणजे मागकऱ्यांची मुकादमी, केली, आता दोघांनी मोकळ्या रस्त्यानं हिंडावं एवढाच हेतू. लग्नात मी महादेवीला समुद्र दाखवतो म्हणालो होतो, आणि छत्तीस वर्षांत तिला दाखवला काय, तर सिद्धेश्वराचा तलाव. (तोही दर सोमवारी.) म्हणून यंदा शिवरात्रीला गोकर्ण, असा बेत ठरला. विजापूर, बदामी, हुबळी आणि मग थेट पाणीच पाणी.

पण गाडीला एक खोड होती. सरळ रस्त्यानं चालली तरी तिचं मागचं अंग तिसरीकडंच जायचं. पुढचं चाक म्हणायचं होटगीला जाऊ, मागचं म्हणायचं जरा कुमठ्याला डोकावून येऊ. यंदा संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तुम्हीच मला चारचौघांत म्हणालात, "दाजी, गाडी डोलत न्हाय, तुमी डोलताय." ते वाक्य मला लागलं, अण्णा. मी सुपारीच्या खांडालाही शिवत नाही. पण थोरल्या माणसाला उलट बोलायची आपली रीत नाही, म्हणून गप्प बसलो आणि मनात म्हटलं, दाखवतो.

जत्रेनंतर आठ दिवसांनी होटगीच्या वळणावर गाडीनं अशी कंबर लचकवली की मी इकडं आणि महादेवी तिकडं. देवाची कृपा, तिकडं कुणीतरी कडब्याची गंजी उतरवून ठेवली होती. मी धावत गेलो तर बाई गंजीवर पाटावर बसल्यासारखी बसलेली, मांडीवर शेंगाचटणीचा डबा, झाकणसुद्धा हललेलं नाही. ती रागावली की मराठी सोडते, हे तिच्या भावाला काय सांगायचं! मला एकच वाक्य बोलली, "ना बस्सिन्याग बर्तेनि." म्हणजे मी बसमधून येणार. बस्सिन्याग! दारात एवढी देखणी गाडी असताना हिला गोकर्णाला एसटीची बस! आणि बसही तयारच होती हो. आमच्या गल्लीतली गोजाबाई शिवरात्रीला बायकांची बस ठरवून नेतेय. ती वही घेऊन दारात हजर. शेवटी माझी काकुळत बघून महादेवीनं मुदत दिली. शुक्रवार तेरा तारखेपर्यंत गाडी सरळ चालली तर फटफटी, नाहीतर गोजाबाईच्या वहीत नाव. म्हणजे छत्तीस वर्षांनी समुद्र बघायचा तो नवऱ्यानं एकट्यानं फटफटीवरून आणि बायकोनं बसमधून. पाणी तेच, पण अण्णा, त्यात काय गोडी?

मग मी गाडीच्या मागं लागलो. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं तर आतून टक-टक वाजलं. तिथंच नाडी सापडली. गाडीचं मागचं चाक एका लोखंडी चिमट्यात धरलेलं असतं, आणि तो चिमटा सांगाड्याला दाराच्या बिजागरीसारखा टांगलेला असतो. खड्डा आला की त्यानं खालीवर व्हायचं, पण डावीउजवीकडं तसूभर सरकायचं नाही. त्या बिजागरीत एक जाड पिन, आणि पिनीभोवती दोन पितळी बांगड्या, त्यांना बुश म्हणतात. बाहेर काढून बघितलं तर बुश एका बाजूनं झिजून कागदाएवढे उरलेले. आता सांगा, कोण डोलत होतं?

(काढून बघितलं हे लिहायला दोन शब्द लागले. पिन निघायला तीन दिवस लागले. रॉकेल पाजलं, हातोडा घातला, विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी महादेवी भाकरी थापता थापता म्हणाली, "दुसऱ्या बाजूनं हाणून बघितलं का?" मी म्हटलं, यंत्रातलं तुला काय कळतंय. मग ती पाण्याला गेल्यावर दुसऱ्या बाजूनं हाणलं. पिन निघाली. हे तिला सांगितलेलं नाही.)

इथं माझ्यातला जॉबर आडवा आला. गाडी जुनी, तयार बुश बाजारात मिळेनात. मी विचार केला, आपण जन्मभर काय बघितलं? धोटा! मागावर दिवसातून हजारो वेळा इकडून तिकडं धावतो, आणि त्याचं लाकूड झिजतं का? नाही झिजत. माझ्या ट्रंकेत गिरणीतले दोन जुने धोटे होते. ते घेऊन लेथवाल्या गुंडाकडं (नावाचाच गुंडा) गेलो आणि म्हटलं, यातून दोन बुश काढ. गुंडा हसून म्हणाला, "जॉबरसाहेब, धोटा घालताय व्हय गाडीत? बघा बरं का, होटगीला जाऊस्तोवर चादर विणून हुईल." मी म्हटलं, तू लेथ फिरव, तोंड फिरवू नको. लाकडी बुश दोन दिवस एरंडेलात मुरवले (ते तुमच्या गुडघ्यासाठी आणलेलं होतं, क्षमा असावी), चिमट्यात ठोकले, गाडी जोडली. आणि काय सांगू! लोणी! अगदी लोणी! मी एकट्यानं तुळजापूर नाक्यापर्यंत जाऊन आलो, मागचं चाक पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकून आलं. घरी येऊन महादेवीला म्हणालो, उद्या सोमवार आहे, गाडीची पूजा कर आणि बस.

पूजा म्हणजे तुमच्या बहिणीची पूजा. तिनं आधी गाडीला न्हाऊ घातलं. एक घागर नाही, पाच घागरी. चिमट्याच्या सांध्यावर चिखल दिसला म्हणून तिथं तर तांब्यानं धार धरली. मग विभूती लावली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मी कौतुकानं बघत उभा. पस्तीस वर्षं ज्यानं मागखात्यात लाकडाला ओल लागू नये म्हणून पोरांच्या अंगावर वस्सकन धावून जायचं, तोच मी, अण्णा, हात जोडून उभा!

लाकूड फुगलं. तासाभरात बुशांनी पिनीला अशी मिठी मारली की चिमटा जागच्या जागी ठार झाला. ना खाली, ना वर. महादेवी मागं बसली, मी गाडी काढली, आणि कोपऱ्यावरच्या पहिल्याच खड्ड्याला दणका चाकापासून निघाला तो थेट आमच्या टाळूतून बाहेर पडला. दुसऱ्या खड्ड्याला माझी टोपी गेली. तिसऱ्याच्या आधीच ती उतरली आणि पदर सावरत चालत घरी गेली. कानडीतसुद्धा काही बोलली नाही. ते जास्त वाईट. संध्याकाळी गोजाबाई ओट्यावर बसून पेन्सिलीला टोक काढत होती.

उरले चार दिवस. मी गर्व गिळून गुंडाकडं गेलो. त्यानं चादरीचा विषय काढला नाही, एवढा त्याचा मोठेपणा, आणि जाड पितळेचे दोन बुश बेतानं कातून दिले. बेत असा की ते भोकापेक्षा केसभर मोठेच. सैल राहिले तर पुन्हा डोलणं आलं. मग घालायचे कसे? तर चिमटा तापवून फुगवायचा, बुश बर्फात घालून आकसायचे, आणि दोघांची भेट घडवायची. पण चिमटा हातभर लांब. चुलीवर धरला तर एक टोक लाल आणि दुसरं गार, आणि वाकला म्हणजे सगळंच संपलं. सारखी धग हवी. विचार करत गल्लीच्या तोंडाशी आलो आणि ज्ञानूच्या भट्टीपाशी पायच थबकले.

ज्ञानू म्हणजे आमचा फुटाणेवाला. भली मोठी कढई, कढईत तापलेली वाळू, वाळूत हरभरे. मी म्हटलं, अरे, हरभऱ्याला सगळ्या अंगांनी सारखी धग लागते, तर चिमट्याला का नाही लागणार? ज्ञानूला चिमटा दाखवला. तो उलटसुलट करून बघत ज्ञानू म्हणाला, "काका, ही शेंग सोलून खायची का फोडून?" पण माणूस दिलदार. भोकांत चिंध्या कोंबून चिमटा वाळूत पुरला, वर हरभऱ्यासारखीच वाळू ओढत बसला. मी पाण्याचा थेंब टाकून बघत होतो. थेंब नाचून उडाला की तयार, डोशाच्या तव्यासारखंच. महादेवी बर्फाच्या गोळेवाल्याकडून अर्धी लादी आणून बुश त्यात पुरून उभी होती. (न बोलता उभी होती, पण उभी होती.) चिमटा काढला, चिंधी उपसली, बुश टेकवला, वर लाकूड ठेवून एक ठोका. आत! दुसरा ठोका. दुसराही आत! मी ज्ञानूला मिठी मारली. त्याच्या धोतराला वंगण लागलं.

एक गोष्ट मात्र चुकली. मी चिमट्याचं जुनं वंगण नीट पुसलं नव्हतं, ते सगळं वाळूत उतरलं. ज्ञानूनं पुढचा घाणा त्याच वाळूत काढला. आज सकाळपासून निम्मी बाळीवेस विचारतेय, फुटाण्यात नवा मसाला कुठला घातलास म्हणून. तिघांनी तर आणखी मागून नेले. तुम्हाला पाठवणार होतो ते पुडकं मात्र थांबवलंय.

आता परीक्षेचं ऐका. काल शुक्रवारी महादेवीनं दुधाची चरवी काठोकाठ भरून मागच्या बैठकीवर बांधायला लावली आणि म्हणाली, तलावाला चक्कर मारून या. आलो. तिनं चरवी बघितली, बैठकीवर बोट फिरवलं, बोट कोरडं. मग चरवी उतरवली आणि स्वतः बसली. होटगीच्या त्याच वळणावर मी जपाला लागलो, आणि गाडी अशी वळली जशी तुमच्या बैलजोडीची गाडी वळते, न सांगता. कडब्याची गंजी तशीच होती. आम्ही तिच्याकडं न बघता पुढं गेलो. परत आलो तर गोजाबाई ओट्यावर वही मांडून बसलेली. महादेवी तिला म्हणाली, "गोजाक्का, माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी दे. आमची गाडी हाय की!"

आमची गाडी, अण्णा! आजवर ती "तुमची गाडी" होती.

सोमवारी तेवीस तारखेला पहाटे निघतो. कमलम्मावहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवर माझ्या वतीनं एक थाप.

आपला,
चन्नवीर

ता. क. एक छोटी विनंती आहे. ती लिहायलाच खरं तर पत्र घेतलं होतं, पण चिमटा मध्ये आला. गाडी डोलत होती तेव्हा महादेवी माझा खांदा गच्च धरून बसायची. काल होटगीला जाऊन येईपर्यंत तिनं एकदाही धरला नाही. मागं वळून बघितलं तर दोन्ही हातांनी हरभऱ्याचे डहाळे सोलून खात बसलेली, जशी घरच्या ओसरीवर. गाडी इतकी सरळ चालते की धरायची गरजच उरली नाही. हे मी चिमटा बसवताना ध्यानात घेतलं नव्हतं. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमचा शब्द ती मोडत नाही. तेवीसच्या आत एक कार्ड टाका आणि त्यात सहज आल्यासारखी एक ओळ घाला, की लांबच्या प्रवासात धरून बसावं. मी सांगितलं असं कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. कार्डच टाका, तार नको. तार बघितली की ती आधी रडायला लागते आणि मग वाचते.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तोच महादेवी आली, एवढं लांबलचक काय लिहिताय म्हणून. मी म्हटलं, चिमट्याचं. ती दारात जरा घुटमळली आणि म्हणाली, "गाडी आता लई सुरळीत चालती वो. जेवण झाल्यावर मला डुलकी लागंल. लागली तर तुमच्या पाठीवर डोकं टेकलं तर चालंल का? का गाडीला भार हुतोय?"

अण्णा, मी म्हटलं, गाडीला काही होत नाही. तेव्हा ती ओळ लिहू नका. लिहायचीच असली तर एवढीच लिहा, की प्रवासात झोप आली तर झोपावं, अनमान करू नये.