शेंदूर लावलेला मोजणीचा दगड

आबा, लिहायचं लिहायचं म्हणत मी कितीतरी गावं फिरलो. सावंतवाडीच्या रस्त्याला माझा ट्रक थांबवून टपावर कागद काढलाही होता, पण क्लीनर त्याच्या सासुरवाडीच्या गोष्टी सांगायला लागला आणि राहिलं. आता शाहूवाडीत, आपल्याच खाचराच्या बांधावर बसलोय. शेजारी पहार आहे, समोर तो दगड.

कोकणात उतरणारी रेल्वे आपल्या भातातून जाणार म्हणून मोजणीवाल्यांनी तो रोवला, तेव्हा मी शाळा बुडवून त्यांची दुर्बीण बघत होतो. त्या दिवसापासून आपलं शेत म्हणजे रेल्वेतलं शेत. बँक विहिरीला पैसे देईना, खंडानं कसायला कोणी घेईना, तुम्हीसुद्धा फुटका बांध घालायचा सोडलात. मग एका सकाळी आईला म्हणालात, "लाव गं शेंदूर. देवावरनं रूळ टाकतंय व्हय कोण?"

आई घाबरली. "खोटा देव करायचा?"

"बसव की. बसंल." तुम्ही हसत शेंदराची वाटी तिच्यापुढं धरलीत.

रेल्वे काही आली नाही. देव मात्र बसला. कुणाची म्हैस गाभण राहिली, कुणाचं पोरगं बोलायला लागलं आणि अमावास्येला उभ्या भातातून नारळ फोडायला येणाऱ्यांची वाट पडली. अडवणार कसं? आपणच बसवलाय म्हणायची सोय नव्हती. निम्मं खाचर पायाखाली गेलं आणि तुम्ही कारखान्यावर ऊस उतरायला गेलात. तिथंच छातीत कळ आली, ती शेवटची.

उरलेलं निम्मं उद्या जाणार. गावाला इथं सभामंडप बांधायचाय. काल बैठकीत मी नको म्हणालो, तर सरपंच सगळ्यांसमोर म्हणाला, "पावणं, तुमी गावात ऱ्हाता कवा?" मला पावणं म्हणाला, आबा. आज दगड उपटला तर शेत राहील, गाव राहणार नाही. आईला काही सांगितलेलं नाही. ती अजून रोज इथं दिवा लावते.

खरं सांगू? सकाळी पहार लावायच्या आधी माझे हात आपसूक जोडले गेले. मलाही त्याची भीती वाटते.

थांबा, वाटेवरनं कोणीतरी येतंय. आईच की! एवढ्या उन्हात, अनवाणी, खांद्यावर कुदळ.

"सरक," म्हणतेय. "घरात पहार दिसंना, तवाच उमगलं. लावला मी, काढणार बी मीच."