लोणीचा जिना आणि चार सह्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्रीच्या कपाळाला टेंगूळ! लोणी काळभोरच्या मुलींच्या अभ्यासिकेचा जिना. सातव्या पायरीवर चढला आणि वरचा बीम थाडकन डोक्यात. कामरान साइटवरच होता. फोनवर म्हणाला, "तेजू, टेप लावली. पायरीपासून बीमपर्यंत सव्वापाच फूट." मी म्हटलं, नीट लाव. "तीनदा लावली."

सव्वापाच! म्हणजे मीसुद्धा वाकून जाणार.

ऑफिसात कोणी आवाज चढवला नाही. धम्मदीपने चहा सांगितला. सुरुची म्हणाली, "तोडावा लागणार." बस. चूक कोणाची हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. आर्किटेक्टचा स्टुडिओ काढला तेव्हा चौघांनी ठरवलं होतं — टेबल एक, नकाशाच्या एकाच ट्रेसिंग-कागदावर चौघांच्या पेन्सिली, खाली चौघांच्या सह्या. चारही सह्या झाल्याशिवाय कागद साइटवर जात नाही. अकरा वर्षं चाललंय. आजवर मला याचा अभिमानच होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठलं. शनिवार पेठेत गाडी लावायला जागा मिळाली, यावरून किती लवकर ते समजावं. अभ्यासिकेच्या ट्रेसिंगची गुंडाळी उघडली. जिन्याशेजारी लिहिलंय — "डोक्यावर ७ फूट. ठीक." अक्षर माझं. सात फूट मी स्लॅबपर्यंत धरले, आणि स्लॅबखाली उतरलेला पावणेदोन फुटांचा बीम विसरले. विसरले! कॉलेजात पहिल्या वर्षालाही असला गाढवपणा केला नव्हता.

आणि अशी चूक आमच्याकडेच होऊ शकते. एकट्याच्या सहीवर कागद जात असता तर त्या एकट्याने दहादा मोजलं असतं. इथे कामरानने फक्त विचारलं, "मोजलंस ना?" मी हो म्हटलं. तेजूचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! पटापट तीन सह्या. आणि तिघांच्या झाल्यात म्हणून चौथी मी केली, पुन्हा न बघता.

गुंडाळी पिशवीत घालून घरी आणली. का आणली? माहितीय मला का आणली ते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लोणीला चौघांनाही बोलावणं. रणजितराव अभ्यासिका बांधणाऱ्या संस्थेचे सचिव, जमीनही त्यांच्याच घरची. खुर्च्या मांडल्या होत्या, पण बसा म्हणाले नाहीत.

"चौघांच्या सह्या म्हणजे कुणाचीच नाही. कमिटीला एक नाव पाहिजे, लेखी. ज्याचं नाव, त्यानं या कामावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. सोमवारपर्यंत द्या. नाहीतर चौघांनाही नमस्कार."

धम्मदीप शांतपणे म्हणाला, "आमच्यात एक नाव नसतं."

"मग टेंगूळ एकट्यालाच कसं आलं?"



निघताना गावच्या बायडाबाई भेटल्या. सव्वा वर्षापूर्वी, बांधकामाआधी, आम्ही त्या जागेवर चुन्याच्या फक्कीने खराखुरा नकाशा आखला होता, खोली एवढी खोली, दार तिथे दार. कुठलंही काम असंच करतो आम्ही — ज्यांची इमारत, त्यांनी आधी त्यातून चालून बघायचं. गावातल्या बायका फिरल्या. बायडाबाईंनी जिना दारातून उठवला. "वर मीटिंगला जानारे गडी पोरींकडं बघत जानार. मागं न्या." बरोबर होतं त्यांचं. नेला मागे. तिथेच तो बीम.

आज माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं का गं बाई? गावात समदी मलाच बोलत्यात."

मी म्हटलं, नाही हो मावशी, तुमचं काही चुकलं नाही. पुढचं वाक्य अगदी ओठांवर होतं. ते काही बाहेर पडलं नाही. त्या मान खाली घालून गेल्या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वारज्यापर्यंत तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये मोठ्याने पाठ केलं — "चूक माझी आहे." चार-पाच वेळा नीट जमलं. शेजारचा रिक्षावाला बघायला लागला.

ऑफिसात दिवसभर पेन्सिली तासत बसले.

भीती कसली वाटते? काम जाईल याची? नाही. मी इतरांच्या चुका काढणारी. सुरुचीची एक खिडकी चुकली तर महिनाभर तिला 'खिडकीबाई' म्हणत होते. आता तिघं माझ्याकडे कसे बघतील, ही भीती. एवढीच. आणि एवढ्यासाठी बायडाबाई गावाची बोलणी खातायत!

८ फेब्रुवारी, शनिवार

आजच्याइतकी स्वतःची किळस कधी आली नव्हती.

कामरान म्हणाला, "ट्रेसिंग सापडत नाहीये गं." मी म्हटलं, माळ्यावर बघ. स्वतःहून म्हटलं! तो बिचारा स्टुलावर चढून अर्धा तास धुळीत शोधत होता, शिंकत होता, आणि मी खाली स्टूल धरून उभी. वर आणि म्हणतेय, "जपून रे."

सुरुची लांबून बघत होती. म्हणाली, "राहू दे रे. नाही मिळालं तर बरंच आहे." माझ्याकडे बघून म्हणाली की उगाच मला तसं वाटलं?

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी धम्मदीपचा फोन. म्हणाला, नाव द्यायचं नाही, काम गेलं तर जाऊ दे, मी उद्या पत्र देतो.

मनात पहिलं काय आलं? सुटले! शी. दोन वर्षं राबलोय चौघं त्या इमारतीसाठी. गावातल्या मुली रोज संध्याकाळी येऊन बघून जातात, कुठवर आलं ते. आणि मी म्हणते सुटले.

१० फेब्रुवारी, सोमवार

पत्र जायच्या आत, पावणेनऊला मीच रणजितरावांना फोन लावला. म्हटलं, माप मी चुकवलं. बायडाबाईंचा काही संबंध नाही, बाकी तिघांचाही नाही. कमिटीला माझं नाव द्या.

ते म्हणाले, "काल दुपारी कामरानभाई घरी येऊन गेले. संध्याकाळी सुरुचीताईंचा फोन. आज सकाळी दूध तापायच्या आत धम्मदीपसर. ज्याला त्याला आपलीच चूक पाहिजे!"

मी म्हटलं, अहो, पण माझी खरंच आहे!

"हां मॅडम," ते म्हणाले. "तिघंबी असंच म्हनले."