ताकातली तुरीची टरफलं

माय, तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस, "आता कुठं काम करून राह्यला, अन् किती दिवस टिकशील?" टिकलो आहे. दारव्ह्याच्या जीपवर नाही टिकलो, उमरखेडला मोबाइलच्या दुकानातही नाही, पण इथं यवतमाळला एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून टिकलो. तिथं तुरीच्या टरफलांपासून तंतू काढतात. हो, तीच टरफलं, जी तू डाळ पाखडून गाईपुढं टाकायचीस. ती उकळून, धुऊन, मशीनमध्ये इतकी बारीक करतात की एकेक धागा डोळ्याला दिसतच नाही, हाती येतो तो दह्यासारखा पांढरा गोळा. तिथल्या मोठ्या मॅडम त्याला नॅनोतंतू म्हणतात. थोडासा पाण्यात ढवळला की पेजेसारखं घट्ट होतं. खाल्लेलं पोटातून नीट पुढं सरकावं म्हणून तो ताकात घालून पाहायचा होता. उंदरांवरची चाचणी आधीच झाली, ते धडधाकट आहेत. (एकाला लाडानं शेंगदाणा द्यायला गेलो तर मॅडमचा ओरडा खाल्ला, ते जाऊ दे.)

मग माणसं आली. पहिल्यांदा नुसती चव. शेजारच्या वस्तीतल्या बायामाणसांना बोलावलं. मॅडमनी समजावलं, घोटभर प्या, वाईट लागलं तर वाईट म्हणा. पण आपल्याकडं कुणी हातात दिलेल्या अन्नाला नाव ठेवतं का? सगळ्यांनी ग्लास तळापर्यंत रिकामे केले. "मस्त हाये बाई." "एक नंबर!" एका आजीला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी म्हणते, "लय गोड लागते जी." ताकात साखर नव्हतीच. मॅडम खूश. "सगळेच छान म्हणतात. मग हेच प्रमाण ठेवू." पुढच्या फेरीत म्हाताऱ्या माणसांना हे ताक रोज द्यायचं होतं, आणि त्यात बाबांचं नाव मीच घातलं होतं. तू गेल्यापासून त्यांचं पोट साफ होत नाही, भाकर भिऊन भिऊन खातात. त्यात हल्ली साधं पाणी पितानाही ठसका लागतो.

आणि मला दिग्रसचं ते लग्न आठवलं. मांडवात पंगत बसली आहे. तू पहिला घास घेतेस अन् मोठ्यानं म्हणतेस, "वरणात मीठ नाही." वाढपी थबकतो, नवरीचा बाप माझ्याकडं पाहतो. मी मान खाली घालून म्हणतो, "बरोबर हाये की मीठ." घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. चुलीपुढं बसून तू म्हणालीस, "अरे, मांगून अजून पंगती बसाच्या होत्या. त्यायच्या ताटात काहून अळणी जाऊ द्यावं?"

मी त्या ताकाचा उरलेला एक ग्लास उचलला, प्यालो, आणि तोंडातून तुझाच आवाज निघाला. "मॅडम, हे नरड्याले चिकटून राह्यलं."

मग आजी म्हणाली, "हो ना रे पोरा! मले वाटलं, आता जीवच जाते!" तिच्यामागून सगळ्यांची तोंडं उघडली. एक बाई म्हणाली, "शेंबडासारखं लागते, पण सांगावं कसं?" मी मात्र नोकरी गेली समजून दाराशी चप्पल शोधत होतो. वळून पाहिलं तर मॅडम हसत हसत भराभर लिहून घेत होत्या. मग तंतू कमी केले, ताक पातळ केलं, पुन्हा सगळ्यांना बोलावलं. या वेळी आजीनं आधी नाक मुरडलं, मग अर्धा ग्लास अजून मागितला.

बाबा आता ते ताक पितात. ठसका नाही. आज सकाळी बाहेरून आले ते गुणगुणतच, तांब्या ठेवला आणि म्हणाले, "आज दोन भाकरी टाक." इतकं हलकं वाटलं की जणू पोट माझंच साफ झालं.

हे पाठवू कुठं? भाकर करपते आहे, उठतो. कागद पिठाच्या डब्यामागं राहील. पण त्या वरणात मीठ नव्हतंच, माय. मलेही पहिल्याच घासाले समजलं होतं.