परक्या उशीवर डोकं ठेवायचं नाही

७ ऑक्टोबर, मंगळवार. झगाझीग, इजिप्त. सकाळ.

आजपासून रोजनिशी. प्रवासात माणसाने नोंदी ठेवाव्यात. रद्वाचं लग्न पुढच्या गुरुवारी, सोळा तारखेला, दुम्यातला, मुलाच्या गावी. एकुलती एक मुलगी. मुलगा हातिम, फर्निचरवर नक्षी कोरतो. हात चांगला, बोलणं कमी. एकूण पसंत.

गाद्या मी करणार. त्यांच्या दारात बसून, सगळ्या गल्लीसमोर, आमच्यात होतात तशा. रद्वा म्हणाली, बाबा, हल्ली सगळे तयार स्प्रिंगची गादी आणतात. मी म्हटलं, बाप चाळीस वर्षं पिंजारी आणि मुलगी कारखान्याच्या स्पंजावर निजणार, लोक तोंडात शेण घालतील. गप्प बसली. पटलं असणार. नवरामुलगा सामानाच्या यादीवर सही करतो, तिच्यात मी मुद्दाम लिहायला लावलं: कापसाच्या गाद्या तीन, वधूपित्याच्या हातच्या.

सोबत पिंजण, दाभणं, दोऱ्याचा गुंडा आणि माझी उशी. परक्या उशीवर मी डोकं ठेवत नाही. लोकांच्या उशांत काय काय असतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? ही मी रद्वाच्या जन्माच्या वर्षी भरली, तिच्या आईच्या माहेरच्या कापसाने. आई गेली, उशी राहिली. बावीस वर्षांत एकदाही उसवावी लागली नाही, असं काम. निघताना सापडेना. शेवटी दाराआड, कचऱ्याच्या पिशवीत मिळाली. रद्वाला म्हटलं, लग्नाच्या गडबडीत लक्ष कुठे असतं तुझं.

दंडावर दोन गांधी उठल्यात. उष्णता.

संकल्प: दुम्यातला कोणाला काही शिकवायचं नाही. (रद्वाची अट. माझीही मुळात तीच इच्छा.)

८ ऑक्टोबर, बुधवार. मन्सुरा. लॉज, खोली चार.

कापूस बघायला थांबलो. सकाळी उठलो तर मानेपासून कोपरापर्यंत गांधी, त्याही ओळीने. ओळीने चावतो तो ढेकूण. डासाला एवढी शिस्त नसते. मॅनेजरला बोलावून हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, तुमच्या आधीचे गृहस्थ याच खोलीत पंधरा दिवस राहिले, त्यांना काही चावलं नाही. मी म्हटलं, त्यांची कातडी गेंड्याची असेल. गादी उलटी केली. शिवणी तपासल्या. पलंगाचे सांधे पाहिले. काही मिळालं नाही. म्हणजे सराईत ढेकूण आहेत.

उपाय, प्रोफेशनल: पलंगाचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत. पलंग भिंतीपासून हातभर लांब. लॉजची चादर आणि उशी दाराबाहेर. फक्त माझी उशी. आता येऊ देत कुठून येतात ते.

९ ऑक्टोबर, गुरुवार. मन्सुरा.

आले. मन्सुऱ्याचे ढेकूण छतावरून उड्या टाकतात असं दिसतं. मॅनेजरला सांगितलं. त्याने माझी पिशवी स्वतः खाली आणून फुटपाथवर ठेवली आणि म्हणाला, उस्ता रिफअत, दुम्यातची गाडी कोपऱ्यावर मिळते. उस्ता म्हणजे उस्ताद, शिवाय नावाने हाक मारली. आदर. ढेकणाच्या संगे हिरा भंगला म्हणतात, त्याआधी निघालेलं बरं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. दुम्यात.

विहीणबाईंचं, म्हणजे हाज्जा वफियांचं घर इतकं स्वच्छ की फरशीवर जेवावं. बाई पायऱ्यासुद्धा साबणाने धुतात. व्याही शुक्रीभाऊ, गरीब माणूस, चप्पल कुठे काढावी याच चिंतेत असतो. वरच्या मजल्यावर मुलांचा नवा फ्लॅट. मला खालची पाहुण्यांची खोली. पलंग हातिमने कोरलेला, पाकळी न् पाकळी वेगळी.

सकाळी मान सुजली होती. मन्सुऱ्याला येत होता तोच कडवट वास इथेही येतो. माझं नाक फसत नाही. वाईट वाटलं. एवढं चकचकीत घर, आणि आत हे.

एक अक्षर बोलायचं नाही ठरवलं. नाश्त्याला पांढरं चीज आणि गरम भाकर होती. खाताना फक्त एवढंच विचारलं की पलंगाचं लाकूड जुनं आहे का. विहीणबाई म्हणाल्या, लाकूड मार्चमधलं आहे, व्याहीबुवा, का? मी म्हटलं, काही नाही, नक्षीत ढेकूण बसायला फार सोय असते. त्यांनी भाकरीची टोपली उचलून नेली.

११ ऑक्टोबर, शनिवार.

काम सुरू. दारात सतरंजी टाकली, पिंजण टांगलं. कापूस असा उडतो की पलीकडचा माणूस दिसत नाही. बायका खिडक्यांतून जीभ फिरवून लू-लू करतात. चाळीस वर्षं ऐकतोय, अजून अंगावर काटा येतो. आज जास्तच आला, स्वतःची मुलगी म्हणून.

शुक्रीभाऊ काल दोन तास माझ्या पलंगावर बसून डोमिनो खेळले. माझी उशी पाठीला घेतली होती. आज ते पाठ दाराच्या चौकटीला घासत होते. विहीणबाईही मनगट खाजवताना दिसल्या. चला, निदान स्वतःच्या घरातले ढेकूण आता त्यांनाही जाणवायला लागले.

रद्वाचा फोन. पहिला प्रश्न, बाबा, उशी कुठे ठेवता? म्हटलं, उशाला. म्हणाली, नव्या गाद्यांजवळ आणू नका हं. या मुलीला माझ्या उशीची फार काळजी, कापसाची धूळ बसेल म्हणून.

१२ ऑक्टोबर, रविवार.

लहान दोन काल उरकल्या. आज मोठी गादी, म्हणजे नवराबायकोची, पूर्ण झाली. अशी गादी आयुष्यात केली नव्हती. टाके असे की पट्टीने आखल्यासारखे.

शिवून बंद करायच्या आधी एक गोष्ट केली. आमच्या घराण्यात रीत आहे, आईच्या अंथरुणातला मूठभर कापूस मुलीच्या गादीत घालायचा. तिच्या आईचं आता एवढंच उरलंय, या उशीत. चार बोटं उसवली, आत हात घातला, मूठ काढली आणि गादीच्या मधोमध ठेवली. नीट पाहिलं नाही, डोळे भरून आले होते. कोणाला बोललो नाही. हा माझा आणि तिच्या आईचा मामला. तिन्ही गाद्या वर नेल्या, मोठीवर चादर घातली. समाधान.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

झालं ते असं. समोरच्या उम्म सामियाने गल्लीतून विचारलं, हाज्जा, मान का लाल झालीये? विहीणबाई म्हणाल्या, ऊन लागलं. आता मी पडलो जाणकार. खोटं बोलून रोग वाढतो. मी उरलेल्या कापसाचं पिंजण थांबवलं आणि म्हणालो, लाजायचं काय त्यात, घरात ढेकूण आहेत, घरोघरी मातीच्या चुली. आवाज जरा मोठा लागला असेल. पिंजाऱ्यांचा मोठाच असतो.

विहीणबाईंनी पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि म्हणाल्या, शुक्री, सगळं बाहेर काढ. सगळं म्हणजे सगळं आलं. पलंग, कपाटं, गालिचे. रस्ता बंद. किटल्याच्या किटल्या उकळतं पाणी. आठ बायका साक्षीला. पलंगाची पाकळी न् पाकळी सुईने कोरून पाहिली. एक ढेकूण मिळाला नाही. मी म्हणणार होतो की सराईत आहेत, तेवढ्यात त्या आत जाऊन माझी उशी घेऊन आल्या. निखाऱ्याच्या चिमट्यात धरून.

पांढऱ्या चादरीवर ठेवली. कात्री चालवली.

पुढचं लिहीत नाही. उम्म सामिया म्हणाली, अगं बाई, यांच्या आज्या-पणज्या पण आहेत इथे. मी म्हटलं, मन्सुऱ्याच्या लॉजमधून शिरले असतील. विहीणबाई म्हणाल्या, दोन रात्रींत पणज्या होत नाहीत, व्याहीबुवा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग हातिमकडे वळून म्हणाल्या, जसं भर गल्लीत माझं नाव घालवलं तशीच भर गल्लीत माफी मागू देत. नाहीतर गुरुवारी लग्न नाही.

रॉकेल टाकून उशी पेटवली. काळा धूर निघाला. मी बघत उभा राहिलो.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळी.

एक मूठ वर आहे. मोठ्या गादीत, मधोमध. माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

माफी मागितली. सतरंजीवर उभा राहून. व्यापक हिताचा विचार केला. म्हणालो, या घरासारखं स्वच्छ घर नाईलच्या डेल्ट्यात नाही, चूक माझ्या उशीची आहे. विहीणबाई म्हणाल्या, उशीची? म्हणालो, माझी. त्यांनी चहा पाठवला. बाई दिलदार आहेत. माझे सगळे कपडेही उकळून दिले, सदरा आखडला. झोपण्याची सोय हातिमच्या कारखान्यात, लाकडाच्या भुशावर.

मुठीचं आज सांगणार होतो. माफीनंतर लगेच दुसरी बातमी बरी दिसली नसती. शिवाय एका मुठीत असं किती असणार. उद्या नक्की.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

रद्वा आली, मावश्यांसोबत. हातांवर मेंदी. काहीच बोलली नाही त्या प्रकाराबद्दल, फक्त म्हणाली, बाबा, जेवलात का? सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, जेवलो.

विचार केला. सांगावं तर विहीणबाई लग्न मोडतील. न सांगावं तर पोर पहिल्याच रात्री त्या गादीवर निजणार. मधला मार्ग: हळूच वर जाऊन गादी उसवायची आणि मूठ काढायची. दाभण घेऊन गेलो. फ्लॅटला कुलूप. किल्ली विहीणबाईंच्या कमरेला. त्या म्हणाल्या, काही हवंय, व्याहीबुवा? म्हटलं, एक टाका राहिलाय. म्हणाल्या, राहू दे तो टाका.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

लग्न झालं. रद्वा सुंदर दिसत होती, आईसारखी. ढोल वाजत होते, सगळे नाचले. मीही नाचलो, सदरा काखेत फाटला. ती जिना चढून वर गेली तेव्हा मी खाली उभा होतो. सांगितलं नाही. मी भित्रा माणूस आहे का? तसं नाही. योग्य वेळ आली नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपार.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलीकडच्यांनी जेवण घेऊन जायचं असतं. आईचं काम. आई नाही म्हणून मी गेलो. भरलेली कबुतरं, तुपातली फतीर पोळी. जिन्यात ठरवलं, आधी सांगायचं, मग टोपली ठेवायची.

रद्वाने दार उघडलं. उंबऱ्यातच माझी कॉलर हातात घेतली. वाटलं, नीट करतेय. तिने ती उलटी केली, शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, मग बाह्यांच्या घड्या पाहिल्या. मी हात वर करून उभा राहिलो. नंतर तिने मिठी मारली.

मी सांगून टाकलं. मूठ, गादी, सगळं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं, तुम्ही आईचा कापूस घालणार. सोमवारी हातिमला फोन केला. त्याने तिन्ही गाद्या त्याच संध्याकाळी कारखान्यामागे जाळल्या. तिच्या खांद्यावरून आतला पलंग दिसत होता. स्प्रिंगची गादी, एका कोपऱ्याला अजून प्लास्टिक. म्हणाली, ही महिन्यापूर्वीच घेऊन ठेवलेली. तुमचं मन मोडवेना, म्हणून बोलले नाही.

म्हणजे चार दिवस मी झुरलो, ते राखेसाठी. यादी करून सही घेतलेली वस्तू जाळली, तक्रार करता येईल. करणार नाही.

मी म्हटलं, अगं पण आपल्या घरात ढेकूण आहेत हे आधी का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, सांगितलं होतं, बाबा. तिसरीत. शाळेतल्या बाईंनी माझे दंड बघून घरी पाठवलं होतं. तुम्ही बाईंना भेटून सांगून आलात की पिंजाऱ्याच्या घरात ढेकूण नसतो, मुलगी आंबे फार खाते. मग दोन वर्षं मला आंबा मिळाला नाही.

आंब्यांचं आठवलं. तेव्हा ती रडायची, आणि मला वाटायचं, आंब्यासाठी रडते. खूप लाज वाटली. लाज वाटली असं या वहीत लिहितोय, म्हणजे आता नाकारता येणार नाही.

तिने जिन्यालगतच्या बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. समोर बसून माझ्याबरोबर एक कबुतर खाल्लं, बोटं चाटून, लहानपणी खायची तसं. चहा दोनदा दिला. आत या म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

जिना उतरताना वरून बादलीचा आवाज आला. खुर्ची धूत होती. बरोबर आहे. मीही धुतली असती.